डेन्व्हरच्या फ्रान्सिसबाई जेकब्स



स्मरणिकेत प्रत्येकीने काही तरी लिहिलेच पाहिजे, असा अध्यक्षाबाईंचा यंदा हट्ट आहे. कुणी पाककृती दिल्या, कुणी ओव्या दिल्या, कुणी अष्टविनायकाच्या सहलीची हकीकत लिहिली. मी पडले सातवी शिकलेली बाई. किराण्याची यादी आणि भिशीचा हिशेब यापलीकडे माझे लेखन कधी गेले नाही. थोरामोठ्यांची चरित्रे शिकलेल्यांनी लिहावीत, असेच मला वाटत आले. पण एका परदेशी बाईंची हकीकत गेली दोन वर्षे माझ्या मनात घर करून बसली आहे. ती सांगायची झाली तर आपल्या मंडळातच सांगावी, म्हणून हे धाडस करते. चुकले-माकले तर पोटात घाला.

ही हकीकत मला का भावली, ते आधी सांगते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मला क्षयाने गाठले. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळाल्या आणि सहा महिन्यांत मी खडखडीत बरी झाले. पण त्या सहा महिन्यांत घरात माझे ताट वेगळे, तांब्या वेगळा, अंथरूण माजघराच्या कोपऱ्यात. शेजारीपाजारी विचारीत, तेव्हा घरची माणसे टायफॉइड झाला म्हणून सांगत. हा रोग खोकल्यावाटे हवेतून पसरतो, ताटावाटीने पसरत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. छाती बरी झाली, पण ते वेगळे ताट काही डोळ्यांपुढून हलेना. पुढे माझी पुतणी नर्सिंग शिकू लागली. एकदा दुपारी गवार निवडताना मी तिला हे सारे सांगितले, तेव्हा तिने मला या बाईंची गोष्ट सांगितली. नंतर ती इंग्रजीतून वाचून सांगे आणि मी माझ्या वहीत उतरून घेई. त्या वहीवरूनच हे लिहीत आहे.

या बाईंचे नाव फ्रान्सिस वाइजबार्ट जेकब्स. त्यांचे आईवडील धर्माने ज्यू. आपल्या कोकणात बेने इस्रायल लोक आहेत, ज्यांना पूर्वी शनवार तेली म्हणत, त्यांचा आणि यांचा धर्म एकच. फ्रान्सिसबाईंचे आईवडील जर्मनीतल्या बव्हेरिया मुलखातून पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडून अमेरिकेत आले. वडिलांचा धंदा शिंप्याचा. केंटकी प्रांतात हॅरॉड्सबर्ग म्हणून गाव आहे, तिथे २९ मार्च १८४३ रोजी फ्रान्सिसबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब सिनसिनाटी शहरी राहू लागले. बाई तिथेच शिकल्या आणि काही काळ त्यांनी शाळेत शिकवलेही.

१८६३ साली त्यांचे लग्न अब्राहम जेकब्स यांच्याशी झाले. हे त्यांच्या भावाचे धंद्यातले भागीदार. भागीदाराची बहीण करून घेतली, म्हणजे आपल्याकडच्यासारखेच घरातल्या घरात जमलेले लग्न! लग्न झाले आणि वीस वर्षांची ही मुलगी नवऱ्यामागे कोलोरॅडोच्या डोंगरात सेंट्रल सिटी या गावी निघाली. तिथे सोन्याच्या खाणी लागलेल्या होत्या. आगगाडी अजून त्या बाजूला पोहोचली नव्हती. शेकडो मैलांची उजाड माळराने गाडीतून तुडवीत जावे लागे. गाव आठ हजार फुटांहून उंच, थंडी हाडे गोठवणारी, वस्ती खाणीतल्या मजुरांची. तिथे या जोडप्याने कापडचोपडाचे दुकान चालवले, संसार मांडला, मुले झाली. पुढे ते सगळे डोंगराखाली डेन्व्हर शहरात येऊन राहिले.

आता या डेन्व्हरची गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचे नीट कळेल. हे शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीवर आहे. हवा कोरडी, ऊन लख्ख. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. रोगाचे जंतू असतात ही गोष्टसुद्धा १८८२ साली जर्मनीतल्या डॉक्टर कॉख यांनी दाखवून दिली, आणि त्यावर गुणकारी पडणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला पुढे १९४३ साल उजाडले. तोवर डॉक्टरांचा सल्ला एकच असे : उंचावरच्या कोरड्या हवेत जा, विश्रांती घ्या, दूध, अंडी, सकस अन्न खा. १८७० साली डेन्व्हरला आगगाडी आली आणि देशभरातले क्षयरोगी तिथे लोटू लागले.

ज्याच्याजवळ पैसा होता त्याने हवेशीर घर घेतले, बाई ठेवली, डॉक्टर लावला. पण गरिबाने काय करावे? न्यूयॉर्कसारख्या शहरांत ज्यू निर्वासितांची दाट वस्ती होती. १८८१ नंतर रशियात ज्यूंवर हल्ले होऊ लागले, तेव्हापासून तर जहाजेच्या जहाजे भरून माणसे येऊ लागली. एकेका अंधाऱ्या खोलीत पाच-सहा माणसे राहत, तिथेच शिलाईची यंत्रे चालत, तिथेच चूल पेटे. दिवसभर वाकून शिवणकाम करणाऱ्या या लोकांना छातीचा रोग हटकून जडे. मग घरची माणसे होते-नव्हते ते विकून तिकिटापुरते पैसे जमवीत आणि आजाऱ्याला डेन्व्हरच्या गाडीत बसवून देत. तो तिथे उतरे, तेव्हा खिशात दमडी नसे. खानावळवाले खोकल्याचा आवाज ऐकूनच दार लावून घेत. कामाला कोण ठेवणार? अशी कितीतरी माणसे रस्त्यातच रक्त ओकून पडत. आणि शहरातले व्यापारी म्हणत की, या गोष्टीचा गाजावाजा नको, शहराचे नाव खराब होईल.

भगिनींनो, हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला आमच्या घरचा टायफॉइड आठवला. रोग झाकून ठेवायची रीत सगळीकडे सारखीच.

अशा शहरात फ्रान्सिसबाईंनी काम सुरू केले. पदरी तीन मुले, नवऱ्याचे दुकान, घरची कामे होतीच. १८७२ साली त्यांनी ज्यू बायकांचे एक मंडळ उभे केले. आपल्या धर्माच्या अडल्यानडल्या कुटुंबांना मदत करायची, एवढाच त्याचा हेतू होता. बायका वर्गणी काढीत, कपडे शिवीत, आजाऱ्याच्या घरी जात. आपले मंडळही हळदीकुंकवापासूनच वाढले, तेव्हा हे आपल्याला सहज समजण्यासारखे आहे.

पण घरोघर फिरणाऱ्या बाईच्या दृष्टीला जे पडते ते घरी बसलेल्याला दिसत नाही. बाई ज्यूंच्या घरी जात, तेव्हा शेजारच्या खोलीतही उपाशी मूल असेच. त्याची आई ज्यू नाही म्हणून तिच्या दारावरून पुढे कसे जायचे? दोनच वर्षांनी, १८७४ साली, शहरातल्या इतर बायकांबरोबर त्यांनी दुसरे मंडळ काढले, त्याला धर्माची अटच ठेवली नाही. त्यात माजी गव्हर्नरांच्या पत्नी मार्गारेट इव्हान्स होत्या, वर्तमानपत्राच्या संपादकांच्या पत्नी एलिझाबेथ बायर्स होत्या. आणि शिंप्याची लेक फ्रान्सिस उपाध्यक्षा होत्या.

कामाची त्यांची पद्धत कशी, तर देणगी कचेरीतून वाटायची नाही. स्वतः जायचे. पायवाट नसलेल्या वस्तीत, जिन्याच्या अंधारात, आजाऱ्याच्या उशाशी. अन्न, कोळसा, औषध, कपडा, आणि बरोबर साबणाची वडी. साबणावर त्यांचा फार भर. पैशाने पोट भरेल, पण घरात स्वच्छता नसली तर रोग पुन्हा येईल, असे त्यांचे सांगणे असे. रस्त्यात कुणी क्षयरोगी पडलेला दिसला तर लोक बाजूने निघून जात; बाई थांबत, त्याला आसरा शोधून देत आणि डॉक्टर गाठून आणीत.

कामकरी बायकांची लहान मुले दिवसभर रस्त्यावर धुळीत खेळत. त्यांच्यासाठी फुकट बालवाड्या काढाव्यात म्हणून त्या झटल्या. आज आपल्या गल्लीत अंगणवाडी आहे म्हणून आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. त्या काळी ती नवलाची गोष्ट होती.

एक अडचण मात्र त्यांना सारखी जाणवे. शहरात मदत करणाऱ्या संस्था पुष्कळ; प्रत्येक संस्था वेगळी वर्गणी मागे. देणारा कंटाळून जाई, एकाला दोनदा मिळे आणि दुसऱ्याला काहीच नाही. १८८७ साली फ्रान्सिसबाई आणि शहरातले ख्रिस्ती धर्मोपदेशक एकत्र बसले. त्यांत कॅथलिक पंथाचे होते, इतर पंथांचेही होते. सगळ्यांनी मिळून एकच वर्गणी काढायची आणि ती सगळ्या संस्थांत गरजेप्रमाणे वाटायची, असे त्यांनी ठरवले. पहिल्याच मोहिमेत, १८८८ साली, २१,७०० डॉलर जमले. आज अमेरिकेत युनायटेड वे नावाची मोठी संस्था गावोगावी मदत गोळा करते, तिचा आरंभ या कामातून झाला असे मानतात. त्या पुरुष धर्मगुरूंच्या बैठकीत बाई एकट्याच होत्या आणि चिटणिशीचे काम त्यांच्याकडे होते. चिटणीसपण म्हणजे काय असते, हे आपल्या चिटणीसबाईंना विचारा!

एवढे करूनही क्षयरोग्यांचा प्रश्न तसाच राहिला. घरी नेऊन दिलेली अंडी चार दिवस पुरत. पाचव्या दिवशी काय? आजाऱ्याला महिनोन् महिने विश्रांती हवी, उघडी हवा हवी, वेळच्या वेळी जेवण हवे. हे एका दवाखान्यावाचून होणार नव्हते. शहराला तर दवाखान्याचे नाव नको होते. तेव्हा बाईंनी आपल्याच समाजाला गळ घातली. डेन्व्हरच्या ज्यू मंदिराचे तरुण राबी, म्हणजे धर्मगुरू, विल्यम फ्रीडमन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८९० च्या सुमाराला दवाखान्यासाठी मंडळ स्थापन झाले, निधी जमू लागला, जागा घेतली गेली. एक गोष्ट ठरलेली होती. दवाखाना धर्मादाय असेल, आणि गरीब आजारी माणूस कोणत्याही धर्माचा असला तरी त्याला तो मोकळा असेल.

९ ऑक्टोबर १८९२ या दिवशी कोनशिला बसवण्याचा समारंभ झाला. वीस वर्षे ज्यासाठी उंबरे झिजवले ते आता डोळ्यांपुढे उभे राहणार होते. पण देवाच्या मनात वेगळेच होते. त्यानंतर महिनाही पुरता झाला नाही तोच, ३ नोव्हेंबर १८९२ रोजी, फ्रान्सिसबाई न्यूमोनियाने गेल्या. वय अवघे एकोणपन्नास. लोकांच्या छातीच्या दुखण्यासाठी झटलेली बाई छातीच्याच दुखण्याने गेली. त्यांना निरोप द्यायला शहरातले सर्व धर्मांचे, सर्व थरांचे लोक लोटले. बांधत असलेल्या दवाखान्याला त्यांचेच नाव द्यायचे ठरले.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती वहीत उतरून घेतली नसती. खरी परीक्षा पुढेच आहे.

१८९३ साली इमारत उभी राहिली. आणि त्याच वर्षी चांदीचा भाव कोसळला. कोलोरॅडोची सारी श्रीमंती चांदीच्या खाणींवर. बँका बंद पडल्या, खाणी बंद पडल्या, लोक देशोधडीला लागले. दवाखाना चालवायला पैसा कुठला? नवी कोरी इमारत, आत एकही रुग्ण नाही, दाराला कुलूप. आणि बाहेर रस्त्यावर क्षयरोगी खोकतच होते. एक नाही, दोन नाही, सहा वर्षे ते दार उघडले नाही. या सहा वर्षांत किती जणांनी म्हटले असेल की, बाईंचे वेड बाईंबरोबर गेले!

पण राबी फ्रीडमन आणि समाजातल्या मंडळींनी चिकाटी सोडली नाही. बेनाय ब्रिथ नावाची ज्यूंची देशव्यापी संस्था आहे, तिने हे काम अंगावर घेतले. खर्च साऱ्या देशातून येणार, म्हणून दवाखान्याचे नावही बदलून नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल ठेवले गेले. बाईंचे नाव पाटीवरून गेले. १० डिसेंबर १८९९ रोजी दार उघडले. ६० खाटा होत्या. पैसे देऊ शकणाऱ्याला तिथे जागा नव्हती आणि आत आलेल्याकडून पैसा घ्यायचा नव्हता. ज्यूंच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या दवाखान्यातली पहिली रुग्ण कोण, तर मिनेसोटातून आलेली एक स्वीडिश मुलगी. ती ज्यू नव्हती. बाई असत्या तर त्यांना यापरता आनंद कशाचा झाला असता?

तरी सगळ्यांची सोय झाली असे नाही. रोग नुकता लागलेल्यांनाच तिथे घेत आणि सहा महिन्यांपर्यंतच ठेवीत, कारण खाटा थोड्या आणि मागणारे हजारो. रोग बळावलेल्याने जायचे कुठे? त्याचे उत्तर निर्वासितांनी स्वतःच दिले. रशियातून आलेले शिंपी, विड्या वळणारे, छोटे कारागीर, ज्यांतले कित्येक स्वतः क्षयरोगी होते, त्यांनी पैसा पैसा गोळा करून १९०४ साली शहराबाहेर दुसरे आरोग्यधाम काढले. आरंभी इमारत नव्हतीच. रुग्ण तंबूत राहत. या कामाचे चिटणीस डॉक्टर चार्ल्स स्पिवाक. हे १८८२ साली रशियातून परागंदा होऊन आले, हाताला मिळेल ते काम करीत शिकले, १८९० साली डॉक्टर झाले आणि पत्नीच्या छातीच्या दुखण्यामुळे १८९६ साली डेन्व्हरला आले. १९२७ साली वारले तोपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. जाताना आपला देहसुद्धा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी देऊन गेले. त्यांच्या आरोग्यधामात रोग कितीही बळावलेला असो, माणसाला परत पाठवीत नसत.

आणि आईबाप असे खाटेवर पडल्यावर मुलांना कोण बघणार? तेही एका बाईनेच पाहिले. फॅनी लॉर्बर या रशियातूनच आलेल्या. त्यांनी काही मैत्रिणी जमवून १९०७ साली क्षयरोग्यांच्या मुलांसाठी घर काढले आणि १९५८ साली वारेपर्यंत पन्नासहून अधिक वर्षे ते सांभाळले. पुढे क्षयावर औषधे निघाली, तेव्हा त्या घरात दमेकरी मुलांवर उपचार होऊ लागले. १९७८ साली ही संस्था फ्रान्सिसबाईंच्या दवाखान्यात विलीन झाली. दोघी बायकांची भेट कधी झाली नाही. फ्रान्सिसबाई गेल्या तेव्हा फॅनीबाईंनी अमेरिकेच्या भूमीवर पाऊलही ठेवले नव्हते. पण दोघींची कामे शेवटी एका छपराखाली आली. तो दवाखाना आजही डेन्व्हरमध्ये उभा आहे आणि फुप्फुसांच्या रोगांसाठी साऱ्या जगात नावाजलेला आहे.

पाटीवरून नाव गेले म्हणाले, पण शहर विसरले नाही. कोलोरॅडो राज्याच्या विधानभवनाच्या घुमटात रंगीत काचेची सोळा चित्रे आहेत. राज्य घडवणाऱ्या सोळा माणसांची ती आहेत. त्यांत पंधरा पुरुष आणि बाई एकच, त्या फ्रान्सिसबाई. १९९४ साली अमेरिकेतल्या थोर स्त्रियांच्या राष्ट्रीय मालिकेतही त्यांचे नाव घातले गेले.

माझी पुतणी म्हणते की, काकू, त्यांनी दवाखाना बांधला. मी म्हणते, दवाखाना पुढच्यांनी बांधला. बाईंनी दाराशी कोण येईल हे ठरवून ठेवले. पैसा संपला, नाव बदलले, माणसे बदलली, पण आजाऱ्याला धर्म विचारायचा नाही आणि पैसे मागायचे नाहीत, हे ठरलेले बदलले नाही. म्हणूनच ती स्वीडिश मुलगी आत आली.

आता शेवटचे, आणि हे लिहिण्यासाठीच मी लेखणी हाती घेतली. आपल्या मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला आहे. शिल्लक पैशातून काय करावे, याची मागच्या सभेत चर्चा झाली. कुणी सतरंज्या सुचवल्या, कुणी ध्वनिक्षेपक. आजारपणाच्या मदतीचा विषय निघाला, तेव्हा ती सभासदांच्या घरापुरतीच असावी, असे बऱ्याच जणींचे मत पडले. त्या दिवशी मी गप्प बसले. सभेत उठून बोलायची मला सवय नाही, आणि बोलायचे तर मला काय झाले होते तेही सांगावे लागले असते. ते आज इथे सांगून टाकले आहे.

क्षयाच्या गोळ्या आज सरकार फुकट देते. पण गोळ्या पोटात टिकायला अन्न लागते, आणि आपल्या मागच्या वस्तीत अशी घरे आहेत जिथे गोळी आहे पण दूध नाही. महिन्याला एका घरी डाळ, गूळ, शेंगदाणे, अंडी आणि साबणाची वडी एवढी पिशवी पोहोचवली तरी पुष्कळ. घर सभासदाचे आहे की नाही, हे विचारू नये. पिशवी कुणाच्या हाती पाठवू नये. आपण दोघी-तिघींनी स्वतः जावे, आत बसावे आणि त्या घरच्या कपातला चहा प्यावा. मला माझ्या आजारात तेवढे कुणी केले असते तर गोळ्यांइतकाच गुण आला असता.

पहिल्या महिन्याची पिशवी मी माझ्या भिशीच्या पैशांतून भरून ठेवली आहे. बरोबर कोण येते, ते कळवावे.

आपल्या मंडळाला उदंड आयुष्य लाभो.

— मंडळाची एक सभासद